विहिरीचा जीव

आप्पांनी फडकं बांधलेली पाटी विहिरीत सोडली, तशी आईने हातातलं धुणं दगडावर टाकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मी तोंडात ब्रश धरून शेजारीच होतो. आदल्या संध्याकाळी तालुक्याहून रजेवर आलो होतो. डेपोत गाड्या दुरुस्त करणारा माणूस मी; घरी आल्यावर निदान एक दिवस तरी कुणाचं काही बिघडू नये, एवढीच माझी अपेक्षा असायची. पण आईचा चेहरा पाहिला आणि आज काही ते जमत नाही हे कळलं.

आप्पांनी पाटी वर घेतली. फडक्यावर भाकरीचा ओला चुरा होता आणि बोटाएवढे दोन मासे उड्या मारत होते, काळ्या पाठीचे. आप्पांनी हात ओला केला, एकेकाला अलगद उचललं आणि पाणी भरलेल्या डब्यात सोडलं.

“भावजी, कुठं चालला त्यांला घिऊन?” आईने विचारलं.

“पान्यावर.”

“कशाला?”

“गळाला लावतो,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

आता आई घर डोक्यावर घेणार या तयारीने मी घाईघाईने चूळ भरली. पण तिने तसं काही केलं नाही. आप्पांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “लहू, तू जा भावजींसंगं. एकटं सोडू नगंस.”

बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन माशांचं एवढं काय. पण आमचं घर विहिरींचा गाळ काढणाऱ्यांचं. दर उन्हाळ्यात आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. गाळ काढायच्या आधी विहिरीतले हे बारके मासे घागरीत काढून घरी आणून ठेवायचे आणि विहीर खरवडून साफ झाली की पुन्हा तिच्यात सोडायचे. त्यांना आमच्यात विहिरीचा जीव म्हणत. जीव परत पडल्याशिवाय त्या पाण्याला कुणी तोंड लावत नसे. हे मासे धरायचे, खायचे किंवा गळाला लावायचे, हे तर कुणाच्या मनातही येत नसे.

माझे वडील कोंडिबा आणि त्यांचा धाकटा भाऊ हैबती, म्हणजे आमचे आप्पा, ही या कामातली जोडी होती. वडील तळाशी, आप्पा काठावर दोरी धरून. मी नुकता पावलं टाकायला लागलो होतो. त्या उन्हाळ्यात जुन्या गावच्या मोठ्या विहिरीचं बांधकाम आत ढासळलं, आणि वडील खाली होते. गावाने दिवसचे दिवस दगड उपसले. जेवढे काढावेत त्याहून जास्त आत पडत. मग पावसाळा तोंडावर आला, धरणाची दारं बंद व्हायची वेळ झाली आणि गाव उठलं. वडील तिथेच राहिले. आमच्या घरात राहिली ती त्या विहिरीच्या माशांची घागर. आईने ती सामानाच्या ट्रकमध्ये मागे ठेवू दिली नाही. एका मांडीवर मी आणि दुसऱ्या मांडीवर घागर अशी ती नव्या गावात आली आणि इथल्या विहिरीत तिने ते मासे सोडले. आप्पांच्या डब्यात होती ती त्यांचीच नातवंडं-पतवंडं.

त्यानंतर आप्पांनी विहिरीची दोरी पुन्हा धरली नाही. धरणाच्या पाण्यावर गळ टाकायला शिकले. लग्न केलं नाही. मला शिकवलं, नोकरीला लावलं, आईला कधी उणा शब्द बोलले नाहीत. गावात लोक दबक्या आवाजात म्हणत की हैबतीने दोरी सोडली. आमच्या घरात त्यावर कुणी ब्र काढत नसे. फक्त एक होतं, आप्पा झोपत नसत. पहाटे कधी जाग यावी तर ते ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले असायचे, उजव्या हाताची मूठ उघडत आणि मिटत. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचे चुलते असेच बसत असतील.

त्या वर्षी धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं मागे हटलं होतं. फुगवट्याच्या मधोमध बुडालेल्या जुन्या गावच्या देवळाचा कळस उघडा पडला होता, आणि त्याच्या पलीकडे शाळेच्या जोत्याचे दगड. लोक काठावर उभे राहून लेकराबाळांना बोटाने दाखवायचे. आप्पा मात्र काठावर उभे राहून नुसते बघून यायचे आणि घरी आल्यावर जेवायचे नाहीत, असं आईने मला जाताजाता सांगितलं.

आमची होडी म्हणजे गुऱ्हाळातली जुनी काहील. रस आटवायची ती पसरट लोखंडी कढई. आमच्या भागात निम्मे मासेवाले तिच्यातच बसून पाण्यावर हिंडतात. ती गोल असल्यामुळे वल्हवणारा नवखा असला की पुढे जायचं सोडून जागच्या जागी फिरते. माझी सवय मोडलेली. आप्पांना मी सुरुवातीलाच चारी दिशांचं दर्शन घडवलं. एरवी ते हसले असते, माझ्या नोकरीवरून दोन शब्द बोललेही असते. त्या दिवशी ते डबा मांडीवर घेऊन नुसते बसले होते.

काठाच्या लव्हाळ्यापाशी त्यांनी आधी रोजचा गळ टाकला, रोजच्या आमिषाचा. चिलापीचं पिल्लू घ्यायचं आणि पाठीवरच्या पराखाली नुसत्या कातडीतून गळ ओवायचा. हाड दुखवायचं नाही. मासा जिता राहिला पाहिजे, पोहला पाहिजे. मेलेल्याकडे मरळ ढुंकून बघत नाही. दोरीवर भेंडाचा हलका तुकडा बांधायचा. तो वर तरंगत राहतो आणि खाली काय चाललंय ते सांगतो. मरळ आमिष तोंडात धरते आणि थांबते. घाई करून तेव्हाच ओढलं की ती गेली. तिला गिळू द्यायचं, पळू द्यायचं आणि मग झटका द्यायचा. हे सगळं आप्पांनी मला शाळेत घालायच्याही आधी शिकवलं होतं.

भेंड बुडालं. थांबलं. मग लव्हाळ्याच्या कडेने सरकू लागलं. आप्पांनी मनगटाने झटका दिला आणि हातभर लांबीची मरळ काहिलीत येऊन आपटली.

वैनीला कालवणाला झाली, असं काहीसं ते पुटपुटले. मला वाटलं, सुटलो, आता घरी. पण आप्पांनी मोकळ्या पाण्याकडे बोट केलं. मोकळ्या पाण्यात मरळ कुठली, असं मी म्हणालो. ती लव्हाळ्यात, चिखलात राहणारी. आप्पांनी नुसतं बोट तसंच धरलं. मी वल्हं मारायला लागलो.

ऊन डोक्यावर आलं होतं. काठावरची म्हसरं, धुणाऱ्या बाया, पंपाचा आवाज, सगळं मागे पडलं आणि वाराही पडला. पाण्यात उभ्या असलेल्या एका वठलेल्या झाडावर पाणकावळे बसले होते. आम्ही जवळून गेलो तरी एकही उडाला नाही. सगळ्यांच्या माना वळलेल्या होत्या, आम्ही जिकडे चाललो होतो तिकडे. मी ते आप्पांना दाखवलं नाही.

कळसाकडे आणि शाळेच्या जोत्याकडे आळीपाळीने बघत आप्पांनी मला एका जागी थांबायला सांगितलं. मला तिथे नुसतं पाणी दिसत होतं. आप्पा म्हणाले की खाली आमचं घर आहे, आणि आपण बरोबर उंबऱ्यावर आहोत.

मग त्यांनी पिशवीतून नायलॉनच्या दोरीचा मोठा गुंडाळा काढला. गळासाठी एवढी लांब आणि एवढी जाड दोरी कुणी वापरत नाही. तिचं एक टोक त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलं, निरगाठ मारून. विहिरीच्या काठावरचा दोरीवाला बांधतो तसं. दुसऱ्या टोकाला गळ होता आणि त्याच्या वर भेंड.

“आप्पा, हे काय चाललंय?” मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता, तळहाताकडे बघत बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“तुझा बाप खाली, मी वर. खालचा आवाज वर येत न्हाई, नुसता घुमतो. म्हनून दोरीनं बोलायचं. एक हिसका म्हंजी सोड, दोरी ढिली कर. तीन म्हंजी मला वर घे. त्या दिशी हिसका आला तवा मी तंबाकू मळत हुतो. दोरी मुठीत हुती, ध्यान न्हवतं. एक हुता का तीन, मला उमगलंच न्हाई. मी सोडली. आन वरची भिंत बसली.”

मी वल्हं काहिलीत आडवं ठेवलं.

“सोड म्हनला आसंल, तर त्येच्या मनासारखं केलं मी. वर घे म्हनला आसंल, तर मग...” त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. “म्हातारा झालो, लहू. मला त्येवढंच इचारायचंय त्येला. येकदा कळू दे. मग मी झोपतो.”

राग यायला हवा होता, असं आज वाटतं. ज्याचा चेहराही मला आठवत नाही त्या बापाची गोष्ट हा माणूस मला पाण्याच्या मध्यावर सांगत होता, आणि मला दया आली ती याचीच. सबंध आयुष्य एका हिसक्याचा हिशेब लागत नाही म्हणून जागा राहिलेला माणूस. मी फक्त एवढं विचारलं, की मेलेल्या माणसाला विचारणार कसं.

आप्पांनी डबा उघडला. “ह्यो त्येच्या घागरीतला हाय,” ते म्हणाले. “ह्येला वाट ठावं आसंल.”

त्यांनी मासा काढला, पराखालच्या कातडीतून गळ ओवला. नेहमीपेक्षाही हळुवार. मासा पाण्यात सोडताना ते काहीतरी पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही.

भेंड पाण्यावर जरा डुललं आणि चालू लागलं.

गळाला लावलेला मासा सैरभैर होतो. गोल फिरतो, होडीखाली दडतो, दम लागला की थांबतो. हा सरळ निघाला. आप्पांनी खूण केली तशी मी मागोमाग वल्हवू लागलो, दोरी ताणली जाणार नाही इतक्या अंतराने. आप्पा हलक्या आवाजात बोलत होते. ही गल्ली. हा शिंप्याचा कट्टा. आता चावडी.

“चावडीपशी डावीकडं,” ते म्हणाले, आणि भेंड डावीकडे वळलं.

मी वल्हं थांबवलं तर आप्पांनी मागे हात करून माझा गुडघा दाबला. बोटाएवढा मासा एवढी ओली दोरी ओढू शकत नाही. कशाने काय ओढलं जातं ते मला कळतं, माझं पोटच त्यावर होतं. आणि विहिरीत जन्मलेला मासा या गल्लीतून कधी गेला होता? ही वाट सकाळी घरातून कामाला निघालेल्या माणसाची होती.

देवळाच्या कळसापाशी भेंड थांबलं.

“हितं दादा वहाना काढायचा,” आप्पा म्हणाले.

आम्ही थांबलो. पाणी इतकं स्थिर होतं की कळसाची सावलीही हलत नव्हती. एखादा माणूस पायऱ्या चढेल, घंटा वाजवेल, हात जोडेल आणि परत येऊन वहाणा पायात सरकवेल, एवढा वेळ गेला. मी कान टवकारून बसलो होतो, कशासाठी ते मलाच ठाऊक नाही. मग भेंड पुन्हा हललं आणि कळसाला वळसा घालून पुढे निघालं.

थोड्या अंतरावर ते एकदा स्वतःभोवती फिरलं आणि सरळ खाली गेलं.

दोरी सुटली. आप्पांच्या मुठीतून ती सळसळत खाली जात होती, गुंडाळ्याचे वेढे एकामागून एक उडत होते. मी सोबत आणलेला बांबू पाण्यात खुपसला. दीड पुरुष पाणी असेल. लगेच दगड लागले. बाजूला खुपसला, तिथेही दगडच. ढासळलेल्या बांधकामाचे, एकावर एक पडलेले. त्या दगडांतून उंदीर जायला वाट नव्हती आणि दोरी जातच होती. एवढी खोल विहीर आमच्या तालुक्यात कुणी खणली नव्हती. आज इतक्या वर्षांनंतर, आप्पाही नाहीत आणि आईही नाही, तरी मला ती दोरी आठवली की पहिल्यांदा तिची लांबीच आठवते.

गुंडाळा संपत आला आणि दोरी थांबली. आप्पांच्या कमरेपासून पाण्यात उभी, सरळ. कुणीतरी खाली धरून ठेवलीय अशी ताठ.

मी त्यांच्या मागे बसून, बाजूने हात पुढे घालून दोरी दोन्ही मुठींत धरली. मनाला सांगत होतो, की मोठी मरळ असेल, वाम असेल, आमिष तोंडात धरून थांबली असेल. आप्पांनी श्वास रोखला होता. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

हिसका आला.

आणि आप्पा उठले. एवढी वर्षं मोजण्यासाठी जागा राहिलेला हा माणूस, पहिल्या हिसक्याला मोजायचंच विसरला. मागच्या वेळी झालं ते पुन्हा होऊ नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात असणार. गुडघे काहिलीच्या काठाला टेकवून ते हातावर हात टाकत दोरी ओढायला लागले.

“घेतो, दादा. घेतो. ह्या टायमाला सोडत न्हाई.”

ते ओढत होते, धापा टाकत होते, दोरी त्यांच्या हातात नाचत होती. त्यांना काही कळणं शक्य नव्हतं. पण मी मागे स्थिर बसलो होतो, आणि दोरी माझ्या मुठीत होती. दुसरा हिसका आला. श्वासभर थांबून तिसरा आला. मासा असा ओढत नाही. मासा जिवाच्या आकांताने ओढतो. यात आकांत नव्हता. कामावरचा माणूस वरच्या माणसाला सांगतो, त्यातली ही रीत होती.

मीही ओढलं. त्या वेळी मला माझा बाप पाहिजे होता, आणि दुसरं काही पाहिजे नव्हतं. आम्ही दोघांनी ओढली तशी दोरी हात-दोन हात वर आली. वजन होतं तिच्यावर, भरल्या पाटीहून जड. मग ती हळूहळू परत खाली जाऊ लागली आणि काहील कलंडली. पाणी भसकन आत आलं. मरळ त्या पाण्यासरशी काठावरून निसटून गेली. आप्पांची छाती काठाबाहेर होती, कमरेची निरगाठ त्यांच्या पोटात रुतली होती आणि ते दोरी सोडत नव्हते. मी ओरडलो असेन. त्यांनी ऐकलं नाही. ते खाली बघत होते, आणि त्यांचा चेहरा पाण्याला लागला तेव्हा मला दिसलं की ते हसतायत.

पुन्हा एक. पुन्हा दोन. पुन्हा तीन.

पाणवेली कापायचा विळा माझ्या पायाशी होता. मी एका हाताने आप्पांचा सदरा धरला आणि दुसऱ्या हाताने दोरीवर विळा चालवला.

काहील परत सरळ झाली तेव्हा आम्ही दोघं तिच्या तळाशी घोटाभर पाण्यात पडलो होतो. कापलेलं टोक केव्हाच खाली गेलं होतं. वर एक बुडबुडाही आला नाही. मागे झाडावरचे पाणकावळे एकदम उडाले आणि ओरडत काठाकडे गेले.

मी ओंजळींनी पाणी उपसलं आणि वल्हवत सुटलो. या खेपेला काहील एकदाही जागच्या जागी फिरली नाही. आप्पांनी मला दोष दिला नाही. तळहात सोलून निघाले होते, ते मांडीवर उताणे ठेवून ते बसून राहिले. काठाला लागल्यावर बाभळीच्या सावलीत टेकले, तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मी घाई केली,” ते म्हणाले. “मोजलं न्हाई.”

मी विळा गवतावर पुसत होतो.

“लहू, तुझा हात हुता की दोरीवर.”

“होता.”

“किती हुते?”

समोर म्हशी पाण्यात डुंबत होत्या. एक बाई हंडा घासत होती. आप्पांच्या डोळ्यांत मी लहानपणापासून बघत आलेलं ते जागरण होतं, आणि माझ्या उत्तराखेरीज त्यांना आता कशाचीच वाट बघायची नव्हती.

“एक,” मी म्हणालो.

“येकच?”

“एकच. मोठा. नंतर नुसतीच ओढ होती.”

“येक म्हंजी सोड.”

“होय आप्पा. सोडच म्हणाले.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हलू दिली नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला आणि ते रडायला लागले. आवाज न करता, सोललेले तळहात तसेच उताणे ठेवून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मोठा माणूस, पाठीची नुसती हाडं लागत होती हाताला.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. आप्पांनी स्वतःहून तिला सांगितलं, “वैनी, दादा सोड म्हनला. लहूच्या हाताला कळलं.” त्या घरात वडिलांचा विषय असा उघड उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. आई म्हणाली, बरं झालं. तिने माझ्या हातातला डबा घेतला, विहिरीवर जाऊन उरलेला मासा पाण्यात सोडला आणि कालवणाला मरळ मिळाली का ते न विचारता पिठलं करायला बसली. आप्पांनी तिच्या हाताने तळव्यांना हळद लावून घेतली, दोन भाकरी खाल्ल्या, ओसरीवर आडवे झाले आणि ऊन भिंतीवर असतानाच झोपले. त्यांचं घोरणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुढची सगळी वर्षं ते तसेच झोपत.

मी चुलीपाशी ताटावर बसलो, पण घास उतरत नव्हता. माझ्या बापाने मला आयुष्यात त्या एकाच दिवशी हाक मारली होती, ती दोन वेळा, स्पष्ट, आणि मी ती विळ्याने कापून आलो होतो. आई भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

“खरं सांग,” ती अगदी हळू म्हणाली. “किती?”

ओसरी भिंतीपलीकडेच होती. तोंडाने बोलायचं मला धाडस झालं नाही. मी उजवा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

आई त्या बोटांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले, पण वाहू दिले नाहीत तिने. मग पुढे होऊन पिठाच्या हाताने तिने माझं एकेक बोट मिटवलं, तिन्ही मिटवली, आणि तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी माझी मूठ सोडली नाही.